काळजी करणे आणि काळजी घेणे : संत लूकच्या बाराव्या अध्यायाचे एक वाचन

धर्मगुरूच्या निवासाची घंटा संध्याकाळी उशिरा वाजली, की कारण बहुधा तीनांपैकी एक असते. कोणी अत्यवस्थ असते, कोणाला मिस्साचा हेतू नोंदवायचा असतो, किंवा एखाद्या घरात जमिनीची वाटणी निघालेली असते. काही वर्षांपूर्वी वसईतील एका धर्मग्रामात असताना असेच दोघे भाऊ माझ्याकडे आले. थोरला आखातातली नोकरी संपवून परतलेला, धाकटा घरच्या वाडीत केळी आणि फुले करणारा. आई जाऊन वर्षही झाले नव्हते. हातात सातबाराचा उतारा आणि एका दलालाने काढून दिलेला नकाशा होता. थोरला म्हणाला, "फादर, तुम्ही त्याला सांगा. तुमचा शब्द तो मोडणार नाही."

हे वाक्य आपण कोठेतरी वाचले आहे, असे मला त्याच क्षणी वाटले. ते दोघे गेल्यावर शुभवर्तमान उघडले आणि ते सापडले. संत लूकच्या बाराव्या अध्यायात, तेराव्या वचनात, गर्दीतला एक माणूस प्रभू येशूकडे नेमकी हीच मागणी करतो. आपल्या भावाला वारशाची वाटणी करायला गुरुजींनी सांगावे, असे त्याचे म्हणणे आहे. दोन हजार वर्षांत मागणी बदललेली नाही. सातबारा तेवढा नवा आहे.

त्या रात्रीपासून हा अध्याय मी अनेकदा वाचला. त्याविषयी आज लिहायचे आहे ते प्रवचनकाराच्या भूमिकेतून कमी आणि एका वाचकाच्या भूमिकेतून अधिक. संपत्ती आणि चिंता या विषयांवरील प्रभूची वचने आपल्याला इतकी पाठ झाली आहेत, की ती आपण वाचतच नाही, नुसती आठवतो. आठवताना त्यांचे तुकडे होतात. ते तुकडे पुन्हा जोडून पाहिले तर काय दिसते, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वाटणी करणारा कोण?

प्रभू येशू त्या माणसाची मागणी नाकारतो. तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा म्हणून मला कोणी नेमले, असा तो उलट प्रश्न करतो. वरवर पाहता हे उत्तर कोरडे वाटते. मोशेच्या नियमशास्त्रात वारशाचे नियम होते. थोरल्या पुत्राला दुप्पट वाटा द्यावा, असे अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात सांगितले आहे. नियमशास्त्र जाणणाऱ्या गुरूकडे असा वाद नेणे त्या काळी मुळीच वावगे नव्हते. मग प्रभूने अंग का काढून घेतले?

याचे उत्तर लगेच पुढच्या वचनात आहे. तो फक्त त्या माणसाशी नव्हे, तर साऱ्या गर्दीशी बोलू लागतो आणि हावेपासून सावध राहायला सांगतो. मागणी न्याय्य असेल किंवा नसेल. त्या मागणीमागे मनात काय चालले आहे, हे त्याला अधिक महत्त्वाचे वाटते. हक्काच्या वाट्यासाठी भांडणाऱ्याला हावेविषयी बोल ऐकून घ्यावे लागतात, ही या प्रसंगातील पहिली धक्कादायक गोष्ट होय. आपण समजतो की हाव दुसऱ्याच्या वस्तूची असते. लूक दाखवतो, की ती स्वतःच्या वस्तूचीही असू शकते.

स्वतःशीच बोलणारा धनवान

यानंतर तो सुपरिचित दृष्टान्त येतो. एका धनवान माणसाच्या जमिनीला भरघोस पीक आले. ग्रीक मूळ वाचताना एक बारकावा लक्षात येतो. या वाक्याचा कर्ता तो माणूस नाही, जमीन आहे. पिकवले जमिनीने. त्यानंतर मात्र जमीन कथेतून नाहीशी होते आणि उरतो केवळ 'मी'. सतरा ते एकोणीस या तीन वचनांत, मुळात पाहिले तर, प्रथमपुरुषी एकवचनी क्रियापदे आठ आहेत आणि 'माझे' हा शब्द चार वेळा येतो. मी काय करू, माझ्याकडे जागा नाही, मी कोठारे पाडीन, मी मोठी बांधीन, मी साठवीन आणि मी माझ्या जिवाला म्हणेन, अशा ओळीने ही क्रियापदे उभी राहतात. ज्यांनी पेरणी केली, ज्यांनी कापणी केली, ज्यांनी पेंढ्या वाहिल्या, त्यांच्यापैकी एकाचाही उल्लेख त्याच्या बोलण्यात नाही. बायको नाही, मुले नाहीत, शेजारी नाही. सल्ला घ्यायलाही तो कोणाकडे जात नाही. ज्या समाजात साऱ्या गोष्टी गावच्या वेशीवर चारचौघांत ठरत, तेथे हा माणूस आपल्या जिवाला समोर बसवून त्याच्याशी बोलतो. लेखक म्हणून लूकने केलेली ही निवड अर्थपूर्ण आहे. या माणसाची श्रीमंती त्याने धान्याच्या मापात दाखवली नाही. ती त्याच्या एकटेपणाच्या मापात दाखवली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या धनवानाचा पहिला उद्गार आनंदाचा नाही, चिंतेचा आहे. पीक भरघोस आले, आता मी काय करू, असे तो म्हणतो. रिकाम्या कणगीपुढे उभ्या असलेल्या गरिबाचा जो प्रश्न, तोच भरल्या कोठारापुढे उभ्या असलेल्या या माणसाचा आहे. संपत्ती आली म्हणजे चिंता जाते, या आपल्या समजुतीला लूक येथे सुरुंग लावतो.

प्रभूच्या बहुतेक दृष्टान्तांत देव राजाच्या, धन्याच्या किंवा पित्याच्या रूपकाआड असतो. येथे तो स्वतः बोलतो आणि त्या माणसाला मूर्ख म्हणतो. आज रात्री तुझा जीव तुझ्याकडून मागितला जात आहे, असे तो सांगतो. मूळ क्रियापदाचा अर्थ नुसते मागणे असा नाही; उसने दिलेले परत मागणे असा आहे. सावकाराने खत पुढे करावे तसे ते आहे. ज्याला तो आठ क्रियापदांनी 'माझे' म्हणत होता, त्यातला जीवसुद्धा उसनवारीचा होता. मग साठवलेले सारे कोणाचे होणार, हा शेवटचा प्रश्न अनुत्तरित राहतो. पण ऐकणाऱ्या गर्दीत वाटणी मागणारा तो माणूस अजून उभा आहे, हे विसरू नये. त्याला उत्तर ठाऊक आहे. ते सारे वारसांचे होणार आणि वारस त्याच्याप्रमाणेच भांडत एखाद्या गुरूच्या दारात जाणार.

तुटलेला दुवा

येथवरचा भाग आपल्या परिचयाचा आहे. 'क' वर्षातील अठराव्या रविवारी तो मिस्सामध्ये वाचला जातो. ३ ऑगस्ट २०२५ रोजी तो आपण सर्वांनी ऐकला. त्या रविवारचे वाचन एकविसाव्या वचनाशी थांबते. पुढच्या रविवारचे वाचन बत्तिसाव्या वचनापासून सुरू होते. मधली बाविसावे ते एकतिसावे ही दहा वचने रविवारच्या वाचनमालेत नाहीत. इतर वारीही तोच प्रकार आहे. सामान्य काळाच्या एकोणतिसाव्या सप्ताहात सोमवारी हा दृष्टान्त वाचला जातो आणि मंगळवारी आपण थेट पस्तिसाव्या वचनावर जातो.

गाळलेली दहा वचने कोणती? कावळ्यांकडे पाहा, रानफुलांकडे पाहा, काय खावे याची चिंता करू नका, ही ती वचने. मत्तयच्या सहाव्या अध्यायात जवळपास हाच मजकूर असल्यामुळे तो येथे गाळला गेला असावा. परंतु मत्तयमधला उतारा 'अ' वर्षाच्या आठव्या रविवारी येतो आणि प्रायश्चित्तकाळ लवकर सुरू झाला तर तो रविवार येतच नाही. २०१७ साली २६ फेब्रुवारीला तो वाचला गेला. त्यानंतरच्या २०२० आणि २०२३ या दोन्ही 'अ' वर्षांत तो रविवार आलाच नाही. ख्रिस्ती माणसाच्या तोंडी सर्वांत अधिक असलेले हे वचन रविवारी कानी पडण्याचे प्रसंग असे विरळ आहेत.

प्रश्न केवळ किती वेळा वाचले जाते याचा नाही. बाविसावे वचन 'म्हणून' या शब्दाने सुरू होते. तो 'म्हणून' दृष्टान्ताकडे बोट दाखवतो. लूकने हे दोन भाग शब्दांनीही एकमेकांना शिवून टाकले आहेत. धनवान आपल्या जिवाला खा, पी असे सांगतो. पुढे प्रभू शिष्यांना सांगतो, की काय खावे म्हणून जिवाची चिंता करू नका. दोन्हीकडे जिवासाठी मूळ शब्द एकच आहे. धनवान कोठारे पाडून मोठी बांधतो. पुढे कावळ्यांना कोठार नाही असे म्हटले आहे आणि कोठारासाठीही शब्द तोच आहे. भाषांतरात एका ठिकाणी जीव आणि दुसऱ्या ठिकाणी आत्मा किंवा प्राण असे आले, तर हा टाका उसवतो. सर्वांत सूक्ष्म टाका आणखी वेगळाच आहे. वाटणी करणारा यासाठी मूळ शब्द आहे 'मेरिस्तेस'. चिंता करू नका यासाठी 'मेरिम्नाते'. वाटणीची मागणी ज्या नादात झाली, त्याच नादात चिंतेविषयीचे उत्तर आले आहे. ऐकणाऱ्याच्या कानाला ते जाणवल्यावाचून राहिले नसेल.

म्हणजे हावेचा दृष्टान्त आणि चिंतेवरील प्रवचन हे दोन विषय नव्हेतच. एकाच आजाराची ही दोन लक्षणे आहेत. ज्याच्याकडे आहे त्याला तो आजार साठवायला लावतो. ज्याच्याकडे नाही त्याला तो रात्रभर जागवतो. दोघांनाही वाटते, की माझा जीव माझ्यावाचून कोणी सांभाळणार नाही.

आम्हा प्रवचनकारांची चूक

हे दोन भाग तोडल्यामुळे काय होते, याचा अनुभव मला आहे आणि तो माझ्या बाजूने फारसा भूषणावह नाही. आम्ही धर्मगुरू नकळत या वचनांची विभागणी करून टाकतो. मूर्ख धनवानाचा दृष्टान्त श्रीमंतांसाठी आणि पाखरे व फुले गरिबांसाठी. श्रीमंत तो दृष्टान्त ऐकतात आणि आपल्याहून श्रीमंत असलेल्या शेजाऱ्याची आठवण काढतात. गरिबांना पाखरे दाखवली, की आपले कर्तव्य संपले असे आम्हाला वाटते.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका तरुण विधवेच्या घरी मी सांत्वनासाठी गेलो होतो. पती अपघातात गेलेला, दोन मुले शाळेत, डोक्यावर घराचे कर्ज. मी मत्तयचा सहावा अध्याय वाचला. वाचन चांगले झाले असे मला वाटलेही. ती बाई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "फादर, पाखरांच्या पोरांना शाळेची फी भरावी लागत नाही."

त्या बोलण्यात अश्रद्धा नव्हती. हिशेब होता, आणि तो बरोबर होता. मला उत्तर सुचले नाही. पुढे पुष्कळ दिवसांनी संत याकोबच्या पत्रातील दुसरा अध्याय वाचताना ते सापडले आणि मान खाली गेली. उघड्या आणि उपाशी माणसाला नुसत्या शुभेच्छा देऊन पाठवणाऱ्यांना याकोब फार कडक शब्दांत विचारतो, की या बोलण्याचा काय उपयोग? मी त्या घरी नेमके तेच केले होते. फक्त शुभेच्छांच्या जागी शुभवर्तमान वापरले होते.

त्या बाईच्या शब्दांनी मला मूळ उताऱ्याकडे पुन्हा वळवले. प्रभू येशू स्वतः स्वप्नाळू नाही. रानातले गवत उद्या भट्टीत जाणार, हे तो त्याच दमात सांगतो. चिमण्या दोन पैशांना पाच विकल्या जातात, हे त्याच अध्यायात थोडे आधी आले आहे. मत्तयमध्ये तर प्रत्येक दिवसाला त्याचे दुःख आहेच, अशी स्पष्ट कबुली आहे. दुःख येणार नाही असे वचन तो देत नाही. मग तो देतो तरी काय?

करणे आणि घेणे

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला आपल्या मराठी भाषेचा उपयोग झाला. 'काळजी' हा शब्द आपण दोन क्रियापदांबरोबर वापरतो. काळजी करणे वेगळे, काळजी घेणे वेगळे. परगावी निघालेल्या मुलाला आई एकाच श्वासात सांगते, की माझी काळजी करू नकोस आणि स्वतःची काळजी घे. एकाच शब्दाच्या या दोन वाटा आहेत आणि त्या विरुद्ध दिशांना जातात. काळजी करणारा माणूस स्वतःत बुडतो. काळजी घेणाऱ्याला मात्र कोणासाठी तरी हातपाय हलवावे लागतात.

नव्या करारात ज्या शब्दाचे भाषांतर आपण चिंता असे करतो, त्या ग्रीक शब्दातही असेच दोन अर्थ नांदतात. प्रभूने ज्या क्रियापदाने चिंता करू नका म्हटले, तेच क्रियापद संत पौल फिलिप्पैकरांच्या पत्रात तिमथ्यासंबंधी प्रशंसेने वापरतो. तुमची मनापासून काळजी वाहील असा त्याच्यासारखा दुसरा कोणी नाही, असे तो सांगतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो स्वतःची संकटे मोजतो आणि शेवटी सर्व ख्रिस्तसभांची काळजी आपल्याला रोज वाहावी लागते असे म्हणतो. तेथेही तोच शब्द आहे. तेव्हा प्रभूने काळजी हा प्रकारच निषिद्ध ठरवला, असे म्हणता येत नाही. त्याने तिची दिशा बदलली. मार्था आणि मरिया यांची कथा लूकने दोनच अध्याय आधी सांगितली आहे. तेथे मार्था पुष्कळ गोष्टींची चिंता करते असे प्रभू म्हणतो तेव्हा तेच क्रियापद येते, आणि मरियेने चांगला वाटा निवडला असे म्हणतो तेव्हा 'मेरिदा' हा वाट्याचा शब्द येतो. चिंता आणि वाटा ही जोडी लूकच्या मनात आधीपासूनच होती, असे दिसते.

कावळ्यांच्या बाबतीतही लूकची निवड पाहण्यासारखी आहे. मत्तयमध्ये आकाशातील पाखरे आहेत. लूकमध्ये कावळे आहेत. लेवीय ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात कावळ्याच्या जातीचे पक्षी अशुद्ध ठरवले आहेत. ज्याला कोणी दारात उभे करणार नाही, त्यालाही देव खाऊ घालतो, असा येथे अर्थ निघतो. राजांच्या पहिल्या ग्रंथात तर हेच कावळे दुष्काळात एलियाला भाकरी आणून देतात. ज्याचे पोट देव भरतो, तोच दुसऱ्याचे पोट भरायला देवाच्या कामी येतो. लहानपणी ऐकलेली काऊचिऊची गोष्ट येथे आठवते. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते, तो चिमणीच्या दारात येतो आणि मेणाच्या घरातली चिमणी बाळाचे एकेक काम काढून दार उघडायला वेळ लावते. चिमणी वाईट नाही. ती आपल्या बाळाची काळजी घेते आहे. परंतु तिच्या काळजीचा परीघ दारापाशी संपतो. आपल्यापैकी बहुतेकांचे तसेच आहे.

कोठार कोठे बांधावे?

उतारा चिंता करू नका येथे संपत नाही. तेहतिसाव्या वचनात प्रभू सांगतो, की आपली मालमत्ता विका आणि दानधर्म करा. ही आज्ञा मत्तयच्या सहाव्या अध्यायात नाही. लूकने ती येथे ठेवली, कारण चिंतेवरचा त्याचा उपाय मनाच्या शांतीचा नाही, देण्याचा आहे. आणि तो उपाय प्रत्यक्षात कसा चालला, हे त्याने आपल्या दुसऱ्या ग्रंथात दाखवले. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात बर्नबा आपले शेत विकतो आणि पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवतो. त्या मंडळीत कोणी गरजू उरला नव्हता, असे लूक नमूद करतो. लगेच पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा येतात. तीही जमीन विकतात, पण काही रक्कम लपवतात. लूकच्या लेखनात जमिनीचा व्यवहार हा नेहमी अंतःकरणाचा दाखला असतो.

त्या विधवेला मी काय सांगायला हवे होते, ते आता मला दिसते. देव पाखरांना खाऊ घालतो हे खरे आहे. माणसांना तो बहुधा माणसांच्या हातून खाऊ घालतो. तेव्हा चिंता करू नकोस हे वाक्य तिला म्हणण्याचा अधिकार एकट्या धर्मगुरूला नाही. तो साऱ्या धर्मग्रामाला आहे, आणि तोही फीचे पैसे गोळा करून झाल्यावर.

आपल्या परंपरेने हे फार लवकर ओळखले होते. चौथ्या शतकात कप्पदुकियात दुष्काळ पडला तेव्हा कैसरियाच्या संत बाझीलने याच दृष्टान्तावर प्रवचन दिले. जास्तीची भाकरी उपाशी माणसाची आहे आणि पेटीतला जास्तीचा अंगरखा उघड्याचा आहे, असा त्याचा आशय होता. मिलानच्या संत आम्ब्रोजने नाबोथाच्या द्राक्षमळ्यावर लिहिताना म्हटले, की गरिबाला देणारा आपले काही देत नाही, त्याचे त्याला परत करतो. पोप सहावे पॉल यांनी १९६७ सालच्या 'पॉप्युलोरम प्रोग्रेसिओ' या विश्वपत्रात आम्ब्रोजच्या या विचाराचा आधार घेतला आणि खाजगी मालकीचा हक्क निरपवाद नाही, असे प्रतिपादन केले. दृष्टान्तातील परत मागणे आणि आम्ब्रोजचे परत करणे यांतील साम्य वाचकांच्या लक्षात येईलच.

अर्थात साठवणेच पाप आहे, असा याचा अर्थ नव्हे. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफ सात वर्षे धान्य साठवतो आणि त्यासाठी त्याला कोणी मूर्ख म्हणत नाही. त्याची कोठारे दुष्काळात उघडली गेली. म्हणून मुलांच्या शिक्षणासाठी बचत करणारे, विमा उतरवणारे, म्हातारपणाची तरतूद करणारे कुटुंब या दृष्टान्ताच्या कक्षेत येत नाही. संत पौल तर घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला अविश्वासी माणसापेक्षा वाईट म्हणतो. प्रश्न कोठाराच्या आकाराचा नाही, त्याच्या दाराचा आहे. आपल्या वसईतच १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने कॅथलिक पतसंस्था उभी राहिली. आजची बसीन कॅथलिक सहकारी बँक ती हीच. पतसंस्था म्हणजे तरी काय? एकट्याची निकड अनेकांच्या बचतीतून भागवणे. ते दार असलेले कोठार होते.

देहूची एक कथाही येथे सांगण्यासारखी आहे. परंपरा सांगते, की दुष्काळाचा अनुभव घेतल्यावर तुकोबांनी घरच्या सावकारीची खते बाहेर काढली, धाकटा भाऊ कान्होबा याचा अर्धा वाटा त्याला देऊन टाकला आणि स्वतःच्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. भावाचा वाटा पूर्ण दिला, स्वतःचा सोडला. लूकच्या बाराव्या अध्यायातील गर्दीत तुकोबा उभे असते, तर त्यांना काही समजावून सांगावे लागले नसते.

ज्यांचे नाव कोणी घेतले नाही

आता त्या दोन भावांकडे परत येतो. वसईच्या जमिनीचा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे, हे मी जाणतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून येथील हिरवाईवर इमारतींचे सावट पडले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईची चळवळ उभारली, आणि त्याच फादरांनी पुढे सुबोध बायबल मराठीला दिले, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. २००९ साली महानगरपालिका आली. गुंठ्याचा भाव वाढत गेला, तसे घरातले बोलणे कमी होत गेले. पूर्वी बांधावरून भांडणारे भाऊ निदान एकाच विहिरीचे पाणी पीत. आता कुलमुखत्यारपत्रे बोलतात.

मी त्या दोघांच्या हातातला उतारा पाहिला. वारसांच्या नावांत तिसरे नाव होते, त्यांच्या बहिणीचे. मी विचारले, "तुमची बहीण काय म्हणते?" दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्या संध्याकाळी प्रथमच त्यांचे एकमत झाले होते. थोरला म्हणाला, "ती काय म्हणणार, फादर? ती हक्कसोडपत्रावर सही करील."

१९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती कुटुंबात मुलगा आणि मुलगी यांचा हिस्सा सारखाच असतो. हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे आणि पुष्कळांच्या घरी ते सोयीने विसरले जाते. बहीण खुशीने सही करीत असेल तर ते तिचे दान आहे. तिला न विचारता सही गृहीत धरली असेल तर ती हाव आहे, मग त्या हावेला आपण रीत म्हणोत की परंपरा. मूर्ख धनवानाच्या आठ क्रियापदांत जसे दुसरे कोणी नव्हते, तशी या दोघांच्या नकाशात बहीण नव्हती.

आईची शेवटची चार वर्षे याच बहिणीच्या घरी गेली होती, हे मला त्या धर्मग्रामाचा धर्मगुरू म्हणून माहीत होते. आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर द्यायला मी त्या घरी जात असे. अंथरुणाशेजारी औषधांच्या वेळा लिहिलेला कागद आणि दारात नातवंडांच्या चपला असत. भावांनी आईच्या पश्चात जमिनीचे काय होईल, याची काळजी केली. बहिणीने आई असेपर्यंत तिची काळजी घेतली. या दोन क्रियापदांतले अंतर मला त्या घरात शिकायला मिळाले. ग्रीक शब्द मागाहून सापडले.

मी त्या भावांना निवाडा दिला नाही. जो अधिकार प्रभूने नाकारला तो मी कसा घेणार? पुढच्या वेळी बहिणीला घेऊन या, एवढेच सांगितले. ते तिला घेऊन आले नाहीत. पुढे माझी बदली झाली. त्यांची वाटणी कशी झाली, हे मी कोणाला विचारले नाही, आणि त्याची थोडी खंत मनात आहे.

तेव्हा वाचकांना एक साधी विनंती. ज्या घरात वाटणीचे कागद व्हायचे आहेत, त्या घरात सह्या होण्याआधी एका संध्याकाळी रोजरीनंतर लूकचा बारावा अध्याय काढावा. तेराव्या वचनापासून चौतिसाव्यापर्यंत मध्ये न थांबता वाचावा. वाचताना घरातील सर्वांना बोलवावे. परगावच्या भावाला फोनवर आणि सासरच्या बहिणीला प्रत्यक्ष. वाचनमालेने तोडलेला दुवा त्या खोलीत तरी जोडला जाईल. मग हिस्से जसे ठरायचे तसे ठरोत.